चाल कुणाची, शब्द कुणाचे

प्रस्तावना

आषाढी वारीत पुण्याचा मुक्काम आटोपून दोन्ही पालख्या निघतात आणि हडपसरला त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. माउलींची पालखी सासवडच्या रस्त्याला लागून दिवे घाट चढते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला जाते. त्या दिवशी गाडीतळाच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव पडलेले असतात. चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू, वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून देणारी मंडळी आणि जवळपास प्रत्येक मांडवात एक स्पीकर. रस्त्यावरून दिंड्या आपल्या ठरलेल्या चालींवर, टाळ-पखवाजाच्या ठरलेल्या ठेक्यावर चाललेल्या असतात आणि स्पीकरवर भीमसेन जोशींच्या आवाजात ‘इंद्रायणी काठी’ लागलेले असते. हा अभंग कोणाचा, असे आजूबाजूच्या दोन-चार जणांना विचारून पाहावे. कोणी ज्ञानोबांचा सांगेल, कोणी नामदेवांचा, एखादा ठामपणे तुकोबांचा सांगेल आणि वर ‘गाथ्यात आहे’ असेही ऐकवेल.

ते गीत गदिमांचे आहे. १९५३ साली आलेल्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटासाठी माडगूळकरांनी ते लिहिले आणि चाल पु. ल. देशपांडे यांनी लावली. आता गंमत अशी, की हा चित्रपट ‘सबकुछ पु. ल.’ म्हणून ओळखला जातो. कथा, संवाद, संगीत, दिग्दर्शन, प्रमुख भूमिका, सगळे त्यांचेच. त्यामुळे ज्याला हे गाणे चित्रपटातले आहे एवढे ठाऊक असते, तो उत्साहाच्या भरात शब्दही पुलंचेच म्हणून मोकळा होतो. म्हणजे एका गाण्याविषयी दोन प्रकारच्या चुका, एक भक्तीपोटी झालेली आणि दुसरी अर्धवट माहितीपोटी. दोन्ही करणाऱ्यांचे त्या गाण्यावर मनापासून प्रेम आहे, हे विशेष.

मराठी विकिपीडियावर संगीताविषयीचे लेख लिहिणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांचा बहुतेक वेळ असल्याच गोष्टींत जातो. शब्द कोणाचे, चाल कोणाची, पहिल्यांदा गायले कोणी, कधी आणि हे सांगते कोण? या कामाला पगार नाही, मानधन नाही, लेखाखाली नावही छापून येत नाही. तरीही ते करणारे लोक आहेत आणि नवे येत असतात. या पुस्तिकेचा खटाटोप त्यांच्यासाठी आहे. हडपसरमध्ये राहणाऱ्या आम्हा काही जणांनी हे काम करता करता जी टिपणे काढली, ती एकत्र करून येथे दिली आहेत.

विकिपीडिया हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, हे त्याचे तत्त्व आता सर्वांच्या कानावरून गेलेले आहे आणि त्यावरची ‘मग काय, कोणीही काहीही लिहितो’ ही टीकाही. टीका करणाऱ्यांनी बहुधा लेखाच्या वर असलेले ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ हे दोन दुवे कधी उघडलेले नसतात. लेख म्हणजे रंगमंच धरला तर हे दोन दुवे म्हणजे विंग. कोणी कोणत्या दिवशी किती वाजता कोणता शब्द घातला, कोणी काढला, का काढला, सगळे तेथे नोंदलेले असते. छापील कोशात संपादकाने कोणती नोंद कशी बदलली हे वाचकाला कधीच कळत नाही; येथे ते सहसा झाकता येत नाही.

छापील कोशांना कमी लेखण्याचा यात हेतू नाही, उलट आपण सगळे त्यांच्याच मांडीवर वाढलो. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी कंपनी काढून, वर्गणीदार जमवून, १९२०च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड पुण्यातून काढले. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला. संगीताच्या बाबतीत मात्र आमच्या कामाचा खरा पूर्वज कोणी असेल तर ते पंडित विष्णु नारायण भातखंडे. व्यवसायाने वकील असलेला हा माणूस पदरमोड करून देशभर हिंडला, उस्तादांकडून बंदिशी उतरवून घेतल्या, एकच राग चार ठिकाणी चार तऱ्हांनी गायला जातो हे ऐकून ते चारही प्रकार टिपले आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ सरळ मराठीत लिहिली. त्यांचे सगळे निष्कर्ष सगळ्यांना पटले नाहीत. काही घराण्यांत आजही त्यांचे नाव काढले की कपाळाला आठ्या पडतात. पण मतभेद कुठे आहे हे कळायला आधी कोणीतरी लिहून ठेवावे लागते. ते त्यांनी केले.

संगीताचा प्रांत कोशकाराला अवघड जातो, याचे मुख्य कारण प्रेम हे आहे. धरणाविषयी किंवा धूमकेतूविषयी लिहिताना कोणाचा कंठ दाटून येत नाही. गायकाविषयी लिहिताना येतो. नव्या सदस्याने घातलेला पहिला परिच्छेद साधारण असा असतो : ‘स्वरसम्राट गानतपस्वी पंडित अमुक यांनी आपल्या अलौकिक गायकीने तमाम रसिकांच्या हृदयसिंहासनावर अनेक दशके अधिराज्य गाजवले.’ वाक्य सभेत शोभते. सत्काराच्या मानपत्रात तर हवेच. पण वाचून झाल्यावर वाचकाच्या हाती काय लागले? जन्म कधी, गाव कोणते, तालीम कोणाकडे, किती वर्षे, पहिली ध्वनिमुद्रिका कोणत्या कंपनीची, शिष्य कोण, यातले एक अक्षर नाही. मग दुसरा सदस्य येतो आणि ‘अलौकिक’पुढे कंसात ‘संदर्भ हवा’ असे लावून जातो. पहिल्याला राग येतो. अलौकिकाला कसला संदर्भ? तो चर्चा पानावर जाऊन विचारतो, ‘तुम्ही कधी त्यांचे गाणे ऐकले आहे का?’ उत्तर येते, ‘ऐकले आहे, आवडतेही, पण माझी आवड हा संदर्भ होत नाही.’ येथून खरे संपादन सुरू होते. आठ-पंधरा दिवसांनी तो परिच्छेद पाहावा. सिंहासन गेलेले असते, ‘अनेक दशके’च्या जागी दोन नेमकी साले आलेली असतात, गुरूंचे नाव, संस्थेचे नाव आणि एका चरित्राचा पृष्ठक्रमांक आलेला असतो. वाक्य कोरडे झाले हे खरे. पण त्या कोरड्या वाक्यातून गायक दिसायला लागतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, की मग हे काम एखाद्या जाणकाराला का देऊ नये. दहा हौशी माणसांची खिचडी कशाला? माझे मत उलटे आहे. जाणकार हवेतच आणि त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांवाचून आमचे पान हलत नाही. पण संगीतातला जाणकार बहुधा कोणत्या ना कोणत्या घराण्याचा, गुरूचा, निदान एखाद्या आवाजाचा भक्त असतो. किराण्याचा चाहता अब्दुल करीम खाँसाहेबांवर लिहील तेव्हा त्याचा हात सैल सुटेल. जयपूरवाला अल्लादिया खाँसाहेबांवर आणि केसरबाईंवर लिहिताना तसाच सैल सुटेल. एकाने दुसऱ्याचा लेख तपासला, की दोन्ही लेख ताळ्यावर येतात. एकाची भक्ती दुसऱ्याच्या शंकेने छाटली जाते. एकट्याने लिहिलेल्या लेखाला ही सोय नाही. म्हणून संगीतावरचा चांगला लेख अनेकांनी मिळून लिहावा आणि त्या अनेकांचे आपसात फार जमत नसले तरी चालेल, असे मी समजतो.

हडपसर या दृष्टीने बरे ठिकाण आहे. एका बाजूला मगर, तुपे, ससाणे अशा जुन्या कुटुंबांचे गावठाण, त्यातली भजनी मंडळे, हरिनाम सप्ताह. दुसऱ्या बाजूला मगरपट्टा आणि अमनोराचे टॉवर, त्यात देशभरातून नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी. सदाशिव पेठेत चार माणसे जमली तर तिघे तुम्हाला गाणे कसे ऐकावे हे आधी शिकवतील. इकडे तसे होत नाही. आमच्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडे कपाटभर कॅसेटी आहेत, भक्तिगीते, नाट्यगीते, भीमगीते, लोकगीते. त्यांना टंकलेखन जमत नाही आणि शिकायची इच्छाही नाही. अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी त्यांच्या शेजारी बसते. ते कॅसेटच्या डबीतला घडीचा कागद उलगडतात, चष्मा कपाळावर चढवतात, कागद डोळ्यांजवळ नेऊन बारीक अक्षरांतला मजकूर वाचतात : गीतकार, संगीतकार, कंपनी, क्रमांक, साल. ती मुलगी टंकते आणि मध्येच विचारते, ‘काका, यावर “पारंपरिक” लिहिलंय, पण मागच्या कॅसेटवर याच गाण्याला कवीचं नाव होतं.’ मग मागची कॅसेट शोधणे. अशा एका कागदावर ‘पारंपरिक’ आणि दुसऱ्यावर नाव, हे इतक्यांदा आढळते, की ‘पारंपरिक’ या शिक्क्यावर विश्वास ठेवण्याआधी निदान दोन ठिकाणी पाहावे, असा आमच्यात पायंडाच पडला आहे. कवीचा पत्ता लागला नाही की कंपन्या तो शिक्का मारून मोकळ्या होत.

नावांचा गोंधळ हा आणखी एक मोठा प्रांत. मराठी संगीतात गंधर्व किती? बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर नागनाथ गोरे, कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. त्याशिवाय पुण्यातले बालगंधर्व रंगमंदिर आहे, २०११चा ‘बालगंधर्व’ चित्रपट आहे, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात काढलेले गांधर्व महाविद्यालय आहे आणि त्याआधी १९०१ साली विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला काढलेले त्याच नावाचे. एखाद्या लेखात कोणी नुसते ‘गांधर्व महाविद्यालयात शिक्षण झाले’ असे लिहून दुवा दिला, की तो लाहोरला जाऊन पोहोचतो. अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात चालवलेले ते आर्य संगीत विद्यालय आणि १९५३पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवामागे आहे ते आर्य संगीत प्रसारक मंडळ. या दोहोंची गल्लत तर छापील लेखांतही होते. यासाठी विकिपीडियावर निःसंदिग्धीकरण पाने, म्हणजे सारख्या नावांचे लेख वेगळे करून दाखवणारी पाने, असतात. काम कंटाळवाणे आहे, टाळ्या मिळत नाहीत, पण वाचक योग्य दारात जातो तो यामुळे.

माणसांची नावेही बदलतात आणि त्या बदलांमागे इतिहास असतो. अब्दुल करीम खाँसाहेबांचा मुलगा अब्दुल रेहमान पुढे सुरेशबाबू माने झाला, मुलगी चंपाकली ही हिराबाई बडोदेकर झाली. आई ताराबाईंनी खाँसाहेबांपासून वेगळे झाल्यावर मुलांना नवी नावे, नवे आडनाव दिले. चरित्रलेखात हे लिहायचे की नाही यावर भावना दुखावतात, असा अनुभव आहे. लिहायचे, पण एका ओळीत, संदर्भासह, चघळत न बसता. बहीणभाऊ होते, एकाच घरातले होते, एकाच तालमीतले होते, हे कळल्याशिवाय सुरेशबाबूंच्या शिष्या प्रभा अत्रे हिराबाईंकडेही कशा शिकल्या हे वाचकाला उलगडत नाही.

‘पंडित’, ‘बुवा’, ‘उस्ताद’, ‘स्वरयोगिनी’ ही बिरुदे लेखाच्या शीर्षकात घालू नयेत, असा संकेत आहे. यावर नवे लोक हमखास भांडतात. त्यांना अनादर वाटतो. मराठीत अहो-जाहो करून लिहिले की आदर पुरेसा राखला जातो, असे आमचे म्हणणे. ‘भीमसेन जोशी’ एवढ्या शीर्षकाने त्या माणसाची उंची तसूभरही कमी होत नाही.

आता गदिमांचे ‘गीतरामायण’ घ्या. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला, रामनवमीच्या दिवशी, सुरू झालेली ही मालिका पुढच्या रामनवमीला, १९ एप्रिल १९५६ला संपली. वर्षाची ५२ गीते ठरली होती, अधिक महिना आला आणि ती ५६ झाली. सुधीर फडक्यांच्या आवाजात ती घरोघर पोचली, त्यामुळे सगळी गाणी बाबूजींचीच, असा समज पक्का बसला आहे. मूळ प्रसारणात मात्र माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके अशा अनेकांचे आवाज होते. एखाद्याने लेखात त्यांची नावे घातली, की दुसरा कोणी तरी ती सद्हेतूने काढून टाकतो. त्याने आयुष्यभर जे ऐकले ते तसे नसते ना! अशा वेळी नुसते पुन्हा नाव घालून भागत नाही. मूळ प्रसारण आणि नंतरच्या ध्वनिमुद्रिका यांसाठी लेखात स्वतंत्र भाग पाडावे लागतात. मग भांडण आपोआप मिटते, कारण दोघांचेही खरे असते.

आणि याच लेखात नवे सदस्य सर्वांत मोठा घोटाळा करतात, तो म्हणजे सगळी गीते पूर्णच्या पूर्ण उतरवून ठेवतात. हेतू चांगला असतो. पण आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याचा हक्क राहतो. गदिमा डिसेंबर १९७७मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आहे. चाल लावणाऱ्याची मुदत वेगळी, ध्वनिमुद्रणाची आणखी वेगळी. आपले ‘इंद्रायणी काठी’च पाहा ना. ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतरची साठ वर्षे मिळतात, ती १९५३च्या मुद्रणापुरती २०१३ अखेर संपली. शब्द २०३७पर्यंत बांधलेले. पु. ल. जून २००० मध्ये गेले, तेव्हा चाल २०६०पर्यंत बांधलेली. एका गाण्यावर तीन घड्याळे चालू आहेत आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. बरे, विकिमीडिया कॉमन्स या चित्रे-ध्वनिमुद्रणांच्या भांडारात फाइल चढवायची तर ती मूळ देशात मुक्त असून पुरत नाही, अमेरिकेतही मुक्त असावी लागते आणि तिकडचे हिशेब निराळेच. गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली वारले. ‘संगीत शारदा’च्या पदांना आता कोणाची परवानगी लागत नाही. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’लाही नाही. तेथे हवे तेवढे उतरवा, त्यासाठी विकिस्रोत हा स्वतंत्र प्रकल्पच आहे.

पुण्याला या विषयाचा एक कडू धडा मिळालेला आहे. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा मोठा उपक्रम केला. शेकडो मुले उतरली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी पाठ्यपुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे उतारे जसेच्या तसे डकवले. जगभरचे स्वयंसेवक ते निपटत बसले, शेवटी उपक्रम त्याच वर्षी गुंडाळावा लागला. मुलांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पुस्तकातले जसेच्या तसे उत्तरपत्रिकेत उतरवले की पैकीच्या पैकी गुण, हे त्यांना आपणच पहिलीपासून शिकवलेले असते. म्हणून या पुस्तिकेत ‘वाचा, पुस्तक मिटा आणि मग लिहा’ यावर एक आख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. ते कोणी गाळू नये.

संदर्भाचा आग्रह धरताना एका जागी मात्र मी स्वतः अडखळतो आणि तो प्रश्न सुटलेला आहे असे दाखवणार नाही. संदर्भ म्हणजे बहुधा छापील पुस्तक, वृत्तपत्र, नियतकालिक. आता छापले कोणाविषयी गेले? मैफलीच्या गायकाविषयी गेले, नाटकातल्या नटाविषयी गेले. फडावर उभे आयुष्य काढलेल्या बाईविषयी किती गेले? यमुनाबाई वाईकर १९१५ ते २०१८ असे शंभरीपार आयुष्य जगल्या. लावणीच्या बैठकीतली अदाकारी त्यांच्याकडून शिकायला लोक लांबून येत. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदी कधीच ओलांडून बसलेल्या होत्या. ज्या वाईत विश्वकोशाचे कार्यालय, त्याच वाईच्या त्या. त्यांच्याबाबत निदान पुरस्कारांमुळे बातम्या आल्या, संदर्भ झाले. त्यांच्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या, पुरस्कार न मिळालेल्या बायकांचे काय? ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’ असा शेरा मारून पान काढून टाकणे नियमाला धरून असते आणि तरीही घशात अडकते.

भीमगीतांचेही तसेच. वामनदादा कर्डक यांनी गावोगाव हिंडून आंबेडकरी जलसे गाजवले, गाणी रचली, गायली. त्यांच्यावर आज पुस्तके आहेत, प्रबंध आहेत. पण त्यांची गाणी पुढे नेणारे शेकडो गायक-कव्वाल फक्त कॅसेटींवर आहेत. वर सांगितलेल्या आमच्या गृहस्थांचे कपाट म्हणूनच मला ग्रंथालयाइतके मोलाचे वाटते. कॅसेटचा कागद हा प्रसिद्ध झालेला दस्तऐवज आहे. त्यावरून गाणे कोणाचे हे सांगता येते, गायकाचे मोठेपण सांगता येत नाही. तेवढेच सांगावे. थोडे सांगणे हे न सांगण्यापेक्षा बरे.

याबाबतीत हुरूप यावा असे एक काम पुण्यातच झाले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी, त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि खेड्यापाड्यांतल्या कार्यकर्त्यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या प्रसिद्ध करायला घेतल्या. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. नुसती ओवी नाही. ती कोणी म्हटली त्या बाईचे नाव, तिचे गाव, तालुका, जात, मुद्रणाची तारीख, सगळे सोबत. ‘पारंपरिक’ म्हणून हात झटकलेले नाहीत. पहाटे अंधारात दळताना म्हटलेल्या ओवीला गायिकेचे नाव मिळाले आणि ते आता रीतसर संदर्भ म्हणून देता येते. लोकसंगीतावर लिहू पाहणाऱ्याने आधी तेथे जावे. चित्रपटगीते, भावगीते यांच्यासाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ आहेच; गीतकार, संगीतकार, गायक, राग अशी त्यांची नोंद पाहिली की निष्ठा म्हणजे काय ते कळते. जुन्या तबकड्यांविषयी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी १९९०पासून केलेले लेखन आहे. यातले बहुतेक लोक आपापला पोटापाण्याचा धंदा सांभाळून हे करत आले.

एका धोक्याची सूचना. वृत्तपत्रातला एखादा मजकूर संदर्भ म्हणून देण्याआधी त्याची तारीख पाहावी आणि लेखाचा इतिहासही पाहावा. कलावंताच्या निधनाच्या दिवशी बातमीदाराला तासाभरात मजकूर हवा असतो आणि तो विकिपीडिया उघडतो. तेथे कोणी तरी वर्षापूर्वी बिनसंदर्भ टाकलेली जन्मतारीख बातमीत जाते आणि दुसऱ्या दिवशी आपणच ती बातमी त्या तारखेला संदर्भ म्हणून जोडतो. चूक वाजतगाजत गावभर फिरून घरी परत येते आणि आता तिच्या अंगावर छापील अंगरखा असतो. अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेल्या मजकुराची यात भर पडली आहे. तो वाचायला गुळगुळीत असतो, शुद्धलेखनही चांगले असते आणि मधूनच एखादा कधी अस्तित्वात नसलेला ग्रंथ त्यात संदर्भ म्हणून आलेला असतो. ग्रंथ हातात घेतल्याशिवाय, निदान ग्रंथालयाच्या यादीत पाहिल्याशिवाय संदर्भ लावू नये. सांगकाम्यांनी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञावल्यांनी, वर्ग लावावेत, दुवे नीट करावेत. गाण्याविषयीचे मत त्यांच्यावर सोपवू नये.

रागांवरच्या लेखांविषयी थोडेसे. आरोह-अवरोह, वादी-संवादी, वेळ, थाट एवढी माहितीचौकट भरली की लेख झाला असे वाटते. भातखंड्यांनी थाट सांगितला तो एक, एखाद्या घराण्यात मानतात ते दुसरे, असे निघाले तर दोन्ही नावानिशी द्यावे, आपण पंच होऊ नये. वाद्यांवरचे लेख मात्र भरघोस लिहिता येतात आणि ते फारसे कोणी लिहीत नाही, याचे मला नवल वाटते. मिरजेच्या तंबोऱ्याचे घ्या. भोपळा मंगळवेढ्याकडचा, तो वाळवणे, कापणे, दांडी जोडणे, घोडी बसवणे, जवारी काढणे, यातली प्रत्येक पायरी प्रत्यक्ष पाहून छायाचित्रे काढता येतात आणि स्वतः काढलेल्या छायाचित्रांना कोणाची परवानगी लागत नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या निमित्ताने अधिकृत कागदपत्रेही उपलब्ध झाली आहेत. पुण्याहून मिरज एका रात्रीच्या गाडीवर. ज्याला लेखांतल्या वादांचा कंटाळा आला असेल त्याने खुशाल तिकडे जावे.

पुस्तिकेच्या रचनेबद्दल. पहिल्या दोन प्रकरणांत खाते उघडणे, देवनागरी टंकन आणि धूळपाटीवरचा सराव आहे. ज्यांना हे येते त्यांनी थेट तिसऱ्यापासून सुरुवात करावी. तिसऱ्यात संदर्भ कसे शोधावे आणि कसे लावावे, चौथ्यात ‘वाचा, मिटा, लिहा’, पाचव्यात स्वामित्वहक्काच्या मुदतींचा तक्ता. तक्ता दर १ जानेवारीला जुना होतो, तेव्हा वर्ष पाहून वापरावा. सहाव्यात चर्चा पानावर कसे बोलावे याचे नमुने आहेत. ते वाचून हसू येईल, पण त्यातला प्रत्येक प्रसंग कोठे ना कोठे घडलेला आहे. शेवटी अपुऱ्या लेखांची एक यादी दिली आहे. तीत आपल्या आवडत्या गायकाचे नाव दिसले तर ते सोडून शेजारचे नाव निवडावे, एवढी विनंती. आवडत्या गायकाचा लेख दुसरा कोणी तरी लिहील. आपण तो तपासावा.

हडपसर, पुणे